बीबी बदलल्याचे पैसे घेतले, सायकलीत मात्र जुनाच

यंदा पावसाळाभर खडकवासल्यापर्यंत सायकल मारली आणि सप्टेंबरात ती करकरायला लागली. पेडलच्या प्रत्येक फेऱ्याला एकदा, थेट पायाखालून. पेडल मारणं थांबवलं की गप्प, चढावर जोर लावला की पुन्हा सुरू. चेन धुतली, तेल घातलं, फरक शून्य. शेवटी घराजवळच्या एका चकचकीत दुकानात नेली.

तिथल्या माणसाने सायकल स्टँडला लावली, डाव्या क्रँकच्या (पेडल ज्या दांड्याला असतं तो) बोल्टवर पाना फिरवला आणि क्रँक धरून आत-बाहेर हलवला. खटखट वाजला. "बघा सर, बीबी गेलाय. असाच चालवलात तर फ्रेमचे आटे जातील." बीबी म्हणजे बॉटम ब्रॅकेट, फ्रेमच्या तळाशी दोन्ही क्रँकना जोडणारा एक्सल आणि त्याचं बेअरिंग. क्रँक हलताना मी स्वतः पाहिला होता, त्यामुळे पटलं. नव्या बीबीच्या सीलबंद कार्ट्रिजचे १,५०० आणि मजुरीचे ४५० मोजले. चौथ्या दिवशी तोच आवाज! परत गेलो तर म्हणे, आता क्रँकसेटच बदलावा लागेल, साडेचार हजार. तेव्हा कुठे शंका आली.

पेठेत एक वयस्कर मिस्त्री आहेत. काकांनी पाना उचलण्याआधी विचारलं, सीटवरून उठून मारताना आवाज येतो का? येतो. मग दोष सीटचा किंवा सीटपोस्टचा (सीटखालच्या दांडीचा) नाही, म्हणाले. गल्लीत एकेका पायाने मारायला लावलं. आवाज फक्त डाव्या पायाला. त्यांनी दुसऱ्या सायकलीची पेडलं काढून माझ्या सायकलीला लावली आणि करकर थांबली. डाव्या पेडलचे आटे कोरडे ठणठणीत होते, वर बारीक रेती. पावसात ग्रीस धुऊन गेलं होतं. पुसून, नवं ग्रीस लावून माझंच पेडल परत आवळलं. (डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, घरी करणाऱ्यांनी लक्षात ठेवा.) तीस रुपये घेतले. फ्रेमच्या नळ्यांतून आवाज फिरतो, त्यामुळे पेडलचा, सीटपोस्टचा, कधी मागच्या चाकाचाही आवाज बीबीतूनच आल्यासारखा वाटतो.

मग मी हलणाऱ्या क्रँकचं सांगितलं. काका म्हणाले, "बीबी गेला असेल तर एक क्रँक ढकलला की दुसराही हलतो. एकच हलत असेल तर तो एक्सलवर सैल आहे, नुसता आवळायचा. त्याने पाना फिरवला तो आवळायला की सोडायला?" मला सांगता येईना. मी पान्याकडे पाहिलंच नव्हतं. पण त्या दिवशी उजवा क्रँक कुणी धरूनही पाहिला नव्हता, हे नक्की आठवतं. चौकोनी एक्सलवर सैल क्रँक चालवला तर क्रँकचं भोक झिजून कायमचं वाया जातं. धंद्यासाठी माणसाने गिऱ्हाइकाच्या सायकलीचा बोल्ट सोडला असेल, या विचाराने मला अजून संताप येतो.

काकांना मी बीबी उघडायला लावला. बिलावर एक्सलची लांबी ११३ मिलिमीटर लिहिलेली. कॅलिपरने मोजली तर १२२.५. नळकांड्यावर गंज, आट्यांत वाळलेला चिखल. कंपनीतून आलेला जुनाच बीबी, आणि बेअरिंग अजून लोण्यासारखं फिरत होतं.

बिल आणि फोटो घेऊन दुकानात गेलो. आधी "पोराकडून चूक झाली" म्हणाला. जुना पार्ट मागितला तर भंगाराच्या डब्यातून एक गंजका एक्सल काढून दिला. तो कप आणि सुट्या छऱ्यांच्या बीबीचा होता, माझ्या सायकलीत तसा बीबी कधी नव्हताच. हे चार गिऱ्हाइकांसमोर सांगितल्यावर पार्टचे १,५०० परत आले, मजुरी नाही.

आता सायकल कुठेही दुरुस्तीला टाकण्याआधी बीबीच्या बाहेरून दिसणाऱ्या कडेवर नेलपॉलिशचा ठिपका देतो. जुना पार्ट हातात हवा, हे काम सुरू होण्याआधीच सांगतो आणि बिलावर पार्टचं नाव मापासकट लिहून घेतो. आणि कुणी क्रँक हलवून दाखवला, की दुसऱ्या बाजूचा क्रँक मी स्वतः धरतो.