मोठा ट्रॅव्हल ट्रेलर आणि पाऊण टनी पिकअप : एका हंगामानंतरचा अनुभव

आम्ही कोलोरॅडोत, डेन्व्हरजवळ राहतो. गेल्या वसंतात आम्ही १९ फुटांचा जुना ट्रेलर विकून २८ फुटांचा, दोन अ‍ॅक्सलचा ट्रॅव्हल ट्रेलर (गाडीमागे ओढायचे चाकांवरचे घर) घेतला आणि तो ओढण्यासाठी मध्यम आकाराच्या एसयूव्हीच्या जागी पाऊण टन वर्गातला, मोठ्या पेट्रोल व्ही-८ इंजिनाचा क्रू कॅब, म्हणजे चार दारांचा, पिकअप आणला. (अर्धा टन, पाऊण टन ही पिकअपच्या वर्गांची रूढ नावे आहेत, प्रत्यक्ष क्षमता नव्हे; पाऊण टनी गाडी अधिक दणकट असते.) एप्रिलपासून ऑक्टोबरअखेरपर्यंत ही जोडी रॉकी पर्वतात, वायोमिंगच्या वाऱ्यात आणि कॅन्ससच्या सपाटीवर वापरल्यानंतर हे लिहीत आहे. ट्रेलरमधील पलंग, ओटा आणि शौचालय यांविषयी येथे काही सापडणार नाही. गाडीला हा ट्रेलर झेपतो का, एवढाच प्रश्न आहे.

विक्रेते ज्या आकड्यावर बोट ठेवतात तो ओढण्याच्या कमाल क्षमतेचा असतो. फोर्ड एफ-१५०, शेव्हरले सिल्व्हराडो १५००, रॅम १५०० या अर्धा टन वर्गातल्या गाड्यांमध्ये योग्य इंजिन आणि योग्य पॅकेज असल्यास तो ११,००० पौंडांच्याही पुढे जातो. आमच्या ट्रेलरचे कमाल अनुज्ञेय वजन ७,८०० पौंड आहे, त्यामुळे कागदावर अर्धा टनी गाडी त्याला सहज पुरते. हा आकडा खोटा नाही. वाहन अभियंत्यांच्या एसएई या संस्थेच्या जे२८०७ या मानकानुसार गाडीला ॲरिझोनातील डेव्हिस डॅमचा ११.४ मैलांचा चढ, १०० अंश फॅरनहाइट किंवा त्याहून अधिक तापमानात, वातानुकूलन पूर्ण चालू ठेवून चढावा लागतो. मात्र त्या हिशेबात गाडीत चालक आणि एकच सहप्रवासी, प्रत्येकी १५० पौंडांचा, धरलेला असतो. पुण्याहून उन्हाळ्यासाठी आलेले आई-बाबा, मुलगी, शीतपेटी आणि जळाऊ लाकूड यांना त्या आकड्यात जागा नाही.

खरी मर्यादा चालकाच्या दाराच्या चौकटीवरील पिवळ्या स्टिकरवर छापलेली असते : प्रवासी आणि सामान यांचे एकत्रित वजन अमुक पौंडांपेक्षा जास्त होता कामा नये. यालाच पेलोड म्हणतात आणि ट्रेलरचे हिचवर, म्हणजे गाडीमागच्या जोडणीवर, येणारे वजन, म्हणजे टंग वेट, यातूनच वजा होते. हा आकडा मॉडेलचा नसून त्या विशिष्ट गाडीचा असतो. सनरूफ, चामडी आसने आणि मोठी चाके घेतलेल्या गाडीचा पेलोड त्याच नावाच्या साध्या गाडीपेक्षा बराच कमी भरतो. त्यामुळे विक्रीच्या आवारात किंमत विचारण्याआधी दार उघडून स्टिकर वाचावे, आणि विक्रेत्याला त्याचा राग आला तर येऊ द्यावा.

आमचा हिशेब असा होता. माहितीपत्रकात ट्रेलरचे रिकामे वजन ५,९०० पौंड आणि टंग वेट ६२० पौंड दिले होते. रिकाम्या वजनात पाणी आणि सामान नसते, आणि बहुतेक वेळा बॅटरी व प्रोपेनच्या भरलेल्या टाक्याही नसतात. या दोन्ही वस्तू नेमक्या ट्रेलरच्या पुढच्या, गाडीला जोडायच्या दांड्यावर बसतात. प्रवासाच्या तयारीत आमचा ट्रेलर ७,२०० पौंड भरतो आणि टंग वेट ९०० पौंड होते, म्हणजे साडेबारा टक्के. हे प्रमाण दहा ते पंधरा टक्क्यांच्या दरम्यान असावे लागते. बैलगाडीत ओझे मागे गेले की गाडी उलाळते, तसेच येथेही आहे. फरक इतकाच की येथे ताशी साठ मैलांच्या वेगात ट्रेलर शेपटीसारखा डावी-उजवीकडे झुलू लागतो. म्हणून पुढचा भार कमी करून पेलोड वाचवणे हा मार्गच नव्हे.

आता ९०० पौंडांत वजन विभागणाऱ्या हिचचे ९० मिळवा, आणि आम्हा पाच जणांचे ६६० मिळवा. बेरीज १,६५० पौंड होते. आम्ही पाहिलेल्या अर्धा टनी गाडीच्या स्टिकरवर १,४८० होते. मागच्या हौद्यात एक काडीही न ठेवता ती १७० पौंडांनी मर्यादा ओलांडत होती. आम्ही घेतलेल्या पाऊण टनी गाडीवर २,९०० आहे, म्हणून सामानासाठी साडेबाराशे पौंड उरतात. इंजिनाच्या ताकदीने नव्हे, तर या एका वजाबाकीने आमचा निर्णय झाला.

वजन विभागणाऱ्या हिचबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण तिच्या पोलादी दांड्या लावल्या की सगळे ठीक होते असा सार्वत्रिक समज आहे. ट्रेलर जोडल्यावर मागचा अ‍ॅक्सल दबतो आणि पुढचा हलका होतो. या दांड्या ताण देऊन काही भार पुढच्या चाकांवर आणि काही ट्रेलरच्या अ‍ॅक्सलवर ढकलतात. महामार्गावरील ट्रक स्टॉपवर कॅट स्केल नावाचे वजनकाटे असतात, जेथे प्रत्येक अ‍ॅक्सल वेगळ्या पट्टीवर उभा राहतो आणि थोड्या डॉलरांत छापील पावती मिळते. आमच्या पुढच्या अ‍ॅक्सलवर ट्रेलरविना ४,५०० पौंड होते, दांड्यांशिवाय ट्रेलर जोडल्यावर ४,१२० आणि दांड्या ताणल्यावर ४,३२०. हरवलेला भार निम्म्याहून थोडा अधिक परत आला, आणि सुकाणूत तो लगेच जाणवला. परंतु या दांड्यांनी गाडीचा पेलोड वाढत नाही. रिसीव्हरवरचे, म्हणजे हिच ज्यात बसते त्या गाडीच्या चौकोनी खोबणीवरचे, लेबलही वाचून घ्यावे. त्यावर दांड्यांसह आणि दांड्यांशिवाय अशा दोन वेगळ्या मर्यादा असतात.

चढाचा अनुभव संमिश्र आहे. आय-७० मार्गावरील आयझेनहॉवर बोगदा ११,१५८ फुटांवर आहे. टर्बो नसलेले इंजिन दर हजार फुटांमागे साधारण तीन टक्के शक्ती गमावते, म्हणजे तेथे पोहोचेपर्यंत सुमारे एक तृतीयांश शक्ती विरळ हवेत गेलेली असते. आमची गाडी शेवटच्या टप्प्यात ताशी ४५ मैलांवर येते, इंजिन मिनिटाला चार हजार फेऱ्यांच्या वर गरजत राहते आणि आई मागून विचारते की काही बिघडले का. काही बिघडलेले नसते. तापमानाचा काटा जागचा हलत नाही. टर्बो डिझेल तेथे आरामात चढले असते, पण त्यासाठी सुमारे दहा हजार डॉलर अधिक मोजावे लागतात, आणि ते इंजिन जड असल्यामुळे त्याच वर्गाच्या गाडीत पेलोड घटतो. आम्हाला ती अदलाबदल पटली नाही.

उतार मात्र या गाडीने निर्धास्त केला. बोगद्यापासून सिल्व्हरथॉर्नकडे उतरताना टो-हॉल मोड (ओझे ओढतानाची गिअरबॉक्सची खास सोय) खालचा गिअर धरून ठेवतो, ट्रेलरचे विद्युत ब्रेक आपला वाटा उचलतात आणि पायाने ब्रेक अधूनमधूनच लागतो. ट्रेलरचे ब्रेक गाडीतून चालवणाऱ्या ब्रेक कंट्रोलरची तीव्रता मोकळ्या मैदानात आधी जुळवून घ्यावी. ट्रेलर झुलू लागला तर गाडीचा ब्रेक न दाबता कंट्रोलरचा हाताचा खटका वापरून फक्त ट्रेलरचे ब्रेक लावायचे, हे घरातल्या प्रत्येक चालकाला ठाऊक असले पाहिजे.

वायोमिंगमध्ये आय-८० वर, शायेन ते लॅरमी या पट्ट्यात, वारा इतका असतो की हलक्या आणि उंच वाहनांना रस्ता अनेकदा बंद केला जातो. बाजूच्या झोताने आमचा ट्रेलर ढकलला जातो, पण गाडी त्याच्यामागे फरफटत नाही. याचे श्रेय गाडीच्या वजनाइतकेच तिच्या सुमारे १६० इंच व्हीलबेसला, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधील अंतराला, आहे. मध्यम एसयूव्हीचा व्हीलबेस ११५ इंचांच्या आसपास असतो. वाऱ्याचा दुसरा परिणाम इंधनावर होतो. आठ फूट रुंद आणि जवळजवळ अकरा फूट उंच भिंत ओढताना आम्हाला गॅलनमागे नऊ मैल मिळतात, समोरून वारा असेल तर त्याहून कमी. काही गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये ट्रेलरच्या समोरच्या क्षेत्रफळाचीही मर्यादा दिलेली असते, जी फारसे कोणी उघडून पाहत नाही. ट्रेलरसाठीच्या खास एसटी टायरांची वेगमर्यादा पुष्कळदा ताशी ६५ मैल असते, म्हणून आम्ही ६२ च्या पुढे जात नाही.

पाण्याची टाकीही हिशेबात धरावी. एका गॅलनचे वजन ८.३४ पौंड, म्हणजे आमची ४५ गॅलनची टाकी भरली की ३७५ पौंड वाढतात. टाकी अ‍ॅक्सलच्या पुढे असेल तर टंग वेट वाढते आणि मागे असेल तर कमी होते. आमची पुढे आहे, त्यामुळे नळ असलेल्या तळावर जाताना ती जवळजवळ रिकामी ठेवतो.

ट्रेलर नसताना ही गाडी त्रासाची आहे. रिकाम्या हौद्याने ती खड्ड्याखड्ड्यावर आदळते, गॅरेजमध्ये मावत नाही आणि किराणा दुकानाच्या आवारात दोन वळणे घेतल्याशिवाय उभी राहत नाही. वर्षातून दोनदाच बाहेर पडणाऱ्या तिघांच्या कुटुंबाने ती घेऊ नये. त्यांनी भरल्या वजनी ५,५०० पौंडांच्या आतला ट्रेलर निवडावा आणि स्टिकरवर किमान १,६०० पौंड असलेली अर्धा टनी गाडी शोधावी. पहिल्याच सहलीला निघताना सगळे प्रवासी आत बसवून, इंधनाची टाकी भरून वजनकाट्यावर जावे, कारण रिकाम्या गाडीची पावती अशा वेळी उपयोगाची नसते.