खेचरावर ओझं लादायला शिकवणारं, फक्त बायकांसाठीचं शिबिर

अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या सिएरा नेवाडा डोंगररांगेच्या पूर्व उतारावर, एका पॅक स्टेशनवर, म्हणजे ओझ्याची जनावरं जिथून रानात निघतात अशा तळावर, हे शिबिर भरतं. शिकणाऱ्या सगळ्या बायका आणि शिकवणाऱ्याही. नुसती घोड्यावरून फिरायची हौस असेल तर इथे येऊ नका, कारण बसणं कमी आणि बांधणं जास्त. पण वाटाड्यावर न विसंबता, आपलं सामान आपण लादून रानात मुक्काम करायची इच्छा असेल, तर यापेक्षा चांगली सुरुवात मला माहीत नाही.

पहिल्याच सकाळी हातात येतो तो साधा हुकाचा वजनकाटा. खेचराच्या दोन्ही बाजूंना लटकणाऱ्या पेट्या, म्हणजे पॅनियर, वजनाने जवळपास सारख्या हव्यात. दोन-तीन पौंडांचा फरकही चालवून घेत नाहीत. घोडी चढ चढते तेव्हा वरचा माणूस पुढे झुकतो, तोल सांभाळतो. ओझं तसं काही करत नाही, ते जनावराला फक्त खाली ओढतं. म्हणून साधारण १५० पौंडांवर लादायचं नाही, आणि एक बाजू जड झाली तर खोगीर हळूहळू तिकडे सरकून पाठ सोलवटते. आम्ही कितीतरी वेळ डबे आणि घोंगड्या या पेटीतून त्या पेटीत हलवत होतो. कंटाळवाणं वाटेल, पण खरी विद्या हीच आहे.

सत्तर पौंडांची पेटी खांद्याच्या उंचीपर्यंत उचलायची कशी, ही धास्ती बहुतेकींना होती. इथे ताकदीपेक्षा युक्ती शिकवतात. पेटी आधी मांडीवर घ्यायची, अंगालगत ठेवायची, मग गुडघ्याच्या रेट्याने वर. दोघींनी दोन बाजूंनी एकाच वेळी चढवायची, नाहीतर खोगीर फिरतं. उंची कमी असेल तर खोलगट जागा बघून खेचराला त्यात उभं करायचं. आमच्यातल्या सगळ्यात ठेंगण्या बाईने दुसऱ्या दिवशी पेटी बिनबोभाट अडकवली, तेव्हा आम्ही टाळ्याच वाजवल्या.

सामानावर ताडपत्री, आणि त्यावरून डायमंड हिच नावाची दोराची बांधणी. पोटाखालून रुंद पट्टा घेऊन दोर माथ्यावर असा फिरवतात की वर चौकोनी हिऱ्याचा आकार उठतो, आणि एकीकडे ओढलं की सगळीकडचा दोर आवळतो. मुक्कामाला पोचल्यावर शेवटचा फास ओढला की सुटतो. कुणाचीही बांधणी सैल पडली तरी शिकवणाऱ्या बाई हात पाठीमागे बांधून उभ्या राहायच्या. "सोड. परत बांध." एवढंच. याआधी मी जिथे जिथे जनावरांमध्ये काम केलं, तिथे कुणीतरी पुढे होऊन "दे इकडे, मी करतो" म्हणायचं आणि माझं शिकणं तिथेच थांबायचं. फक्त बायकांचं शिबिर कशाला, असं विचारणाऱ्यांना माझं उत्तर हे आहे.

खेचरांबद्दल मात्र मी मोहून परत आले. बाप गाढव, आई घोडी. हट्टी म्हणून त्याची बदनामी झाली आहे, पण ते थांबतं तेव्हा बहुधा पुढची जागा त्याला धोक्याची वाटत असते. ओढ्यापाशी थांबलेल्या खेचराला न ओढता वेळ द्यायला शिकवलं, आणि थोड्या वेळाने ते आपणहून उतरलं. रांगेत प्रत्येकाची म्होरकी पुढच्याच्या खोगिराला थेट बांधत नाहीत, मध्ये बारीक दोराचा तुकडा असतो. एक घसरलं तर तो तुटतो, बाकीची वाचतात.

ही कला टिकून आहे यामागे कायदाही आहे. १९६४च्या अमेरिकी वाइल्डरनेस कायद्याखाली राखून ठेवलेल्या रानांत मोटार, यंत्रं, अगदी सायकलसुद्धा बंद आहे, त्यामुळे वाटा दुरुस्त करणाऱ्यांचं बरंचसं सामान आजही खेचरांवरून जातं.

उणिवा आहेत. खुरांना आणि आजारपणाला जेमतेम एक संध्याकाळ दिली. सिएराच्या ग्रॅनाइटवर नाल निखळला किंवा रस्त्यात पोटशूळ उठला तर काय करायचं, हे तोंडी सांगून भागत नाही. नाल उपटायला आणि खूर बांधायला प्रत्येकीच्या हाती द्यायला हवं होतं. शिवाय सगळं काम लाकडी फुल्यांच्या सॉबक खोगिरावर झालं. मोंटाना-आयडाहोकडे लोखंडी कमानींचं डेकर खोगीर आणि कॅनव्हासमध्ये गुंडाळलेले गठ्ठे चालतात. ते एकदाच दाखवलं, बांधू दिलं नाही. तिकडे जायचं असेल तर वेगळं शिकावं लागेल. जेवण पोटभर, तंबू ठीक.

जाणार असाल तर बोटांना घट्ट बसणारे चामड्याचे हातमोजे आणि टाचेचे बूट घ्या. आधी घरी लाकडी घोडीवर दोन खोकी टांगून दोराचा सराव करा, म्हणजे तिथला वेळ जनावरांसाठी उरेल. आणि कुठल्याही शिबिरात नाव घालण्यापूर्वी एक विचारा: स्वतः लादलेली खेचरं वाटेवर नेऊ देता, की अंगणातच सोडायला लावता? इथे नेऊ दिली, आणि घाटात सैल पडलेला तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, आमचा आम्हीच आवळला.