सहसंबंधाचा तक्ता, व्हीआयएफ की कंडिशन इंडेक्स?

सोलापुरात स्टॅटिस्टिक्सचा प्रोजेक्ट करायचा म्हटलं की यंत्रमाग आठवतोच. रोज किती टॉवेल निघाले ते एकीकडे, आणि चालू माग, हजर कामगार, लागलेलं सूत दुसरीकडे. एक कामगार ठरावीक माग सांभाळतो, म्हणजे माग वाढले की कामगार वाढणारच. मग रिग्रेशनमध्ये (या रकान्यांवरून टॉवेलांचा अंदाज बांधणारं समीकरण) आर-स्क्वेअर, म्हणजे समीकरण किती जुळलं त्याचं माप, झकास येतो, पण एकही कोएफिशियंट (एकेका रकान्याचा परिणाम सांगणारा आकडा) सिग्निफिकंट, म्हणजे योगायोगापलीकडचा, नसतो, आणि कामगारांपुढे चक्क उणे चिन्ह! ही मल्टिकोलिनिॲरिटी, म्हणजे रकान्यांचं एकमेकांत गुंतणं. पण ती पकडायची कशाने?

सहसंबंधाचा तक्ता एक्सेलमध्ये मिनिटात होतो, पण तो फक्त जोड्या बघतो. दिवसपाळीचं सूत, रातपाळीचं सूत आणि एकूण सूत असे तिन्ही रकाने घालून बघा. दोन्ही पाळ्यांचा एकमेकींशी संबंध नसेल आणि चढउतार सारखाच असेल, तर एकूण सुताचा प्रत्येकीशी सहसंबंध जेमतेम ०.७१ येतो. तक्ता बघून कुणी हरकत घेणार नाही, आणि गणित मात्र सुटणारच नाही, कारण एकूण म्हणजे दोन्ही पाळ्यांची बेरीजच.

व्हीआयएफ (व्हेरियन्स इन्फ्लेशन फॅक्टर) इथे फसत नाही, कारण तो प्रत्येक रकाना उरलेल्या सगळ्या रकान्यांवर तपासतो. त्या रिग्रेशनचा आर-स्क्वेअर १ मधून वजा करायचा आणि उरलेल्याने १ ला भागायचं: ०.९ आला तर व्हीआयएफ १०. वर्गमूळ काढलं की नुकसान थेट कळतं: व्हीआयएफ ९ म्हणजे स्टँडर्ड एरर (कोएफिशियंटमधली अनिश्चितता) तिप्पट. मला तो आवडतो तो यासाठीच. १० च्या पुढे सगळेच सावध होतात, काहीजण ५ लाच. एक्सेलवाल्यांनी सहसंबंधाचा तक्ता एमइन्व्हर्स (MINVERSE) या फंक्शनने उलटवावा, म्हणजे त्याचा व्यस्त मॅट्रिक्स काढावा. कर्णावरचे आकडे हेच व्हीआयएफ. (एक्सेलचं ॲनालिसिस टूलपॅक तक्त्याचा खालचा अर्धाच भाग भरतं, वरचा आधी भरून घ्या.) पायथॉनच्या स्टॅट्समॉडेल्स लायब्ररीमध्ये स्थिरांकाचा (सगळे १ असलेला) रकाना आपणच जोडायचा असतो, तो विसरलात तर आकडे भलतेच येतात.

कंडिशन इंडेक्स सगळे रकाने एकत्र घेऊन ते किती गुंतलेत ते मोजतो; ही पद्धत बेल्सली, कू आणि वेल्श यांनी १९८० मध्ये मांडली. ३० ओलांडला की गंभीर. नुसता आकडा पुरत नाही, सोबतचा व्हेरियन्स प्रपोर्शनचा तक्ता (प्रत्येक कोएफिशियंटच्या अनिश्चिततेचा किती वाटा कुठल्या गुंत्यातून येतो तो) वाचावा लागतो, तो किचकट. पण कोणते रकाने एकमेकांत अडकलेत ते त्यातूनच कळतं. शिवाय मे महिन्यातलं कमाल तापमान घेतलंत, तर रोज चाळिशीच्या आसपास. तो रकाना जवळजवळ स्थिरांकच. व्हीआयएफला हे दिसत नाही, याला दिसतं.

तीन-चार रकाने असतील तर व्हीआयएफ काढा आणि पुढे चला. दहा-बारा असतील तर कंडिशन इंडेक्सही काढा. फक्त उद्याचे टॉवेल किती, एवढाच अंदाज हवा असेल तर यातलं काहीच नाही केलं तरी चालेल. मात्र मालकाने कामगार तेवढेच ठेवून माग वाढवले, तर त्या अंदाजावर विसंबू नका.