चिकरिंगचा जुना स्क्वेअर पियानो: घ्यायचा असेल तर आधी झाकण उघडा

अमेरिकेतल्या बॉस्टनच्या चिकरिंग कंपनीचा 1840 च्या दशकातला स्क्वेअर पियानो वाजवून बघितला, त्याबद्दल लिहितोय. लांबट, आडवा, शिसवी लाकडाचा, जाडजूड पायांचा. लोक तो शोभेला घेतात आणि वर फोटो मांडतात याचं खरंच वाईट वाटतं, कारण खरा माल आत आहे, तारांचा ताण पेलणारी, एकाच तुकड्यात ओतलेली बिडाची फ्रेम.

ती फ्रेम म्हणजे जोनास चिकरिंगची आयुष्यभराची कमाई. मूळचा न्यू हॅम्पशायरचा सुतार, 1818 ला बॉस्टनला आला, 1823 ला जेम्स स्ट्युअर्टबरोबर धंदा सुरू केला. तिथल्या हवेत लाकडी फ्रेम हलायची आणि सूर टिकायचाच नाही. एकसंध बिडाच्या फ्रेमचं पहिलं पेटंट 1825 चं, अल्फियस बॅबकॉकचं, हे श्रेय त्याला द्यायलाच हवं, पण पुढे तोच चिकरिंगकडे कामाला आला आणि 1843 मध्ये चिकरिंगने ग्रँड पियानोसाठीही पेटंट घेतलं. व्यवहाराची बाजू जॉन मॅके हा जहाजाचा कप्तान बघायचा, तो 1841 मध्ये समुद्रात गेला तो परत आलाच नाही, मग सगळा भार एकट्या चिकरिंगवर. डिसेंबर 1852 मध्ये कारखाना जळाला तरी हा माणूस खचला नाही, ट्रेमाँट स्ट्रीटवर त्याहून प्रचंड कारखाना काढला, पण तो पूर्ण व्हायच्या आत 1853 ला गेला. मुलांनी पुढे 1867 ला पॅरिसच्या प्रदर्शनात गोल्ड मेडल मिळवलं.

आता आवाज. मऊ, गोलसर, मधल्या सप्तकात तर फारच गोड, गाण्याच्या साथीला मला आजच्या कितीतरी पियानोंपेक्षा हा जास्त आवडला. बेस मात्र पातळ आहे आणि जोरकस कॉन्सर्ट पीसेसचा भार याच्यावर टाकू नका.

त्रास ट्यूनिंगचा. इतक्या वर्षांनी तारा ताणून धरणाऱ्या पिना ढिल्या झालेल्या असतात, बरेच ट्यूनर स्क्वेअरला हातच लावत नाहीत, आणि जुन्या तारा आजच्या पिचपर्यंत ताणायला गेलात तर तुटतात, त्यामुळे थोडा खाली लावलेलाच बरा. दुरुस्तीचा खर्च खरेदीच्या किमतीच्या वर सहज जातो. सिरीयल नंबरवरून साल काढा, टॉर्च घेऊन फ्रेम नीट तपासा. पिना, तारा, तारांवर आपटणाऱ्या हॅमरचं फेल्ट हे सगळं बदलता येतं, पण बिडाला तडा दिसला तर कितीही स्वस्त मिळत असला तरी घेऊ नका.