वजनकाटा की शिंप्याची टेप?

किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागलं की बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा, निघतो. भारतीयांसाठी २३ च्या पुढे वजन जास्त धरतात. पण काट्याला चरबी कुठली नि स्नायू कुठला, हे कळत नाही. २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो छापून आला होता. दोघांचाही बीएमआय २२.३; अंगातली चरबी मात्र युडकिनांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२!

इथे टेप सरस, ती पोटावरची चरबी पकडते. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून कमरेचा घेर मोजायचा. (पोट आत ओढलं तर फसवणूक स्वतःचीच.) पुरुषांना ९०, बायकांना ८० सेंटिमीटरची मर्यादा. गरोदरपणात दोन्ही मापं बाद. माझा काटा पलंगाखाली गेलाय, टेप कपाटाच्या दाराला लटकतेय.