झायनची फुकट बस : एका कंडक्टरचा अभिप्राय

ठाण्याच्या खोपट एसटी डेपोतून निवृत्त झालो तेव्हा ठरवलं होतं, आता बसचं नाव नको. मागच्या मे महिन्यात अमेरिकेत, नेवाडा राज्यातल्या लास व्हेगासला लेकीकडे होतो. जावयाने शेजारच्या युटा राज्यातल्या झायन नॅशनल पार्कला नेलं, आणि तिथे पुन्हा बसच!

साधारण मार्च ते नोव्हेंबर पार्कमधल्या मुख्य दरीतल्या रस्त्यावर खासगी गाडी सोडतच नाहीत. २००० सालापासून पार्कची बस आहे, तीही फुकट. आमच्या येऊरला रविवारी उपवनापासून लागणारी गाड्यांची रांग डोळ्यांपुढे आली. तेही नॅशनल पार्कच की.

जावयाचा हिशेब तासाने चुकला. युटाचं घड्याळ नेवाडाच्या पुढे. साडेआठला पोचलो म्हणेपर्यंत तिथे साडेनऊ, पार्किंग फुल. मग गाडी स्प्रिंगडेल गावात लावून गेटपर्यंत चालत गेलो. पायी जाणाऱ्याला तेव्हा माणशी २० डॉलर, आम्ही चौघं. वर्षाचा पासही ८० चाच, म्हटलं तोच घ्या. (२०२६ पासून परदेशी पाहुण्यांचे दर बरेच वाढलेत, आधी बघून जा.)

बसला कंडक्टर नाही, तिकीट नाही, डबल बेल नाही. मला जरा चुकल्यासारखंच झालं. गाडी बॅटरीवरची, थांब्यावर दार उघडलं की थेट व्हर्जिन नदीचा आवाज. आत पाण्याशिवाय काही खायचं-प्यायचं नाही, त्यामुळे हिच्या तिखटमिठाच्या पुऱ्या नवव्या थांब्यापर्यंत पिशवीतच राहिल्या. कड्यांची टोकं नीट बघायची तर मधेच उतरा, मागून दुसरी गाडी येतेच. सहाशे मीटरच्या लाल भिंती, मान मागे टाकली की टोपी पडते.

नववा थांबा टेम्पल ऑफ सिनावावा. रस्ता तिथेच संपतो, कारण दोन्ही कडे इतके जवळ येतात की पुढे नदीलाच कशीबशी वाट उरते. काठाने दीडेक किलोमीटरची पक्की पायवाट आहे, ज्येष्ठांना सहज जमेल. ती संपली की लोक काठ्या घेऊन सरळ पाण्यातून चालू लागतात. आम्ही पाय बुडवले, पुऱ्या खाल्ल्या आणि फिरलो. शेवटची गाडी चुकली तर खालपर्यंत पायपीट, हे मात्र एसटीसारखंच.

उतरताना सवयीने सीटखाली वाकून बघितलं. हिची टोपी सापडली.