बॅकअप सिग्नलसाठी सुटा डबा घ्यावा की फ्रेममधलं कार्ड?

कार्यक्रम वाजवणारा प्लेआउट सर्व्हर अडकला की सिग्नल प्रसारणासाठी तयार करणाऱ्या एन्कोडरला काहीतरी खायला द्यावंच लागतं: काळं चित्र, बार्स (रंगीत पट्टे) किंवा चॅनेलच्या लोगोची स्थिर चौकट. ते देणारं छोटं मॉड्यूल दोन रूपांत मिळतं. एक स्वतंत्र डबा, दुसरं रॅकच्या फ्रेममध्ये बसणारं कार्ड. आमच्या जिल्हा पातळीवरच्या केबल चॅनेलच्या एमसीआरमध्ये (मास्टर कंट्रोल रूम, म्हणजे प्रसारणाची नियंत्रण खोली) साडेतीन वर्षं डबा होता. गेली दोन वर्षं कार्ड आहे.

डब्याचं कौतुक आधी करतो, कारण ते खरं आहे. तळहाताएवढी वस्तू, रॅकच्या मागे वेलक्रोने चिकटवली, अडॅप्टर लावला, यूएसबीने लॅपटॉप जोडून फॉरमॅट निवडला. अर्ध्या तासात काम संपलं. चित्राच्या दर्जाबद्दल माझी आजही तक्रार नाही. फक्त टोनची, म्हणजे चित्रासोबत जाणाऱ्या चाचणीच्या आवाजाची, पातळी तपासून घ्या. बऱ्याच डब्यांत ती उणे २० डीबीएफएसवर (डिजिटल आवाजाच्या पातळीचं एकक) असते, आणि युरोपीय पद्धतीने उणे १८ वर चालणाऱ्या लाइनवर तो फरक मीटरवर लगेच दिसतो.

माझं मत फिरलं ते एका जून महिन्यात. पहिल्या पावसात रात्री दोनदा लाइट गेली. रॅक यूपीएसवर तरला. पण साफसफाईच्या वेळी कुणीतरी डब्याचा अडॅप्टर भिंतीतल्या साध्या पॉइंटवर लावला होता, त्यामुळे डबा बंद पडून पुन्हा चालू झाला. चालू झाला तो कारखान्यातल्या मूळ सेटिंगवर, म्हणजे १०८०आय ५९.९४ वर (शेवटचा आकडा सेकंदाला किती फील्ड, म्हणजे अर्ध्या चौकटी, ते सांगतो). आमची सगळी साखळी १०८०आय ५० ची. समोरचा दिवा मात्र हिरवाच. बॅकअपच्या आउटपुटकडे रोज कोण बघतं?

एकोणीस दिवसांनी सर्व्हर अडकला. मुख्य सिग्नल गेला की बॅकअपवर नेणाऱ्या चेंजओव्हर स्विचने आपलं काम चोख केलं, डब्याचा सिग्नल पुढे दिला, आणि एन्कोडरने तो ओळखलाच नाही. मी रॅकच्या मागे उकिडवा बसून यूएसबीची केबल शोधत होतो आणि केबलवाल्यांचे फोन थांबत नव्हते. चॅनेल अकरा मिनिटं बंद राहिलं. अडॅप्टर चुकीच्या जागी गेला ही आमची चूक, मान्य. पण सेटिंग मी स्वतः सेव्ह केलं होतं. ज्या वस्तूचं काम फक्त अडचणीच्या वेळी लागतं, ती लाइट गेल्यावर सेटिंग विसरत असेल तर मला तिच्यावर भरवसा ठेवता येत नाही. सगळे डबे असेच वागतात असं मी म्हणणार नाही, आमचा तसा होता.

कार्डासाठी आम्ही ओपनगिअर फ्रेम घेतली, म्हणजे वेगवेगळ्या कंपन्यांची कार्डं बसतील अशी. उंची २ आरयू (रॅकची दोन घरं), स्लॉट २०. फ्रेमला ब्लॅक बर्स्ट (टायमिंग जुळवायला वापरतात तो काळा सिग्नल) एकदा दिला की तो रेफरन्स सगळ्या स्लॉटना पोचतो, त्यामुळे कार्ड मुख्य सिग्नलच्याच टायमिंगवर राहतं. डबा स्वतःच्या घड्याळावर चालायचा, म्हणून प्रत्येक बदलाला एन्कोडरचा लॉक सुटून दोन-तीन सेकंद पडदा रिकामा जायचा. आता ते होत नाही. कार्डाचा फॉरमॅट मला डॅशबोर्ड सॉफ्टवेअरमध्ये टेबलावरूनच दिसतो, काही बिघडलं तर तिथेच लाल होतं. दर महिन्याला मी कार्ड उपसून परत बसवतो. आजवर दर वेळी ५० वरच परत आलंय.

खर्च मात्र डब्याच्या कितीतरी पट. एकाच कार्डासाठी फ्रेम घेणं परवडत नाही, आमचे डिस्ट्रिब्युशन अँप्लिफायर (एका सिग्नलच्या अनेक प्रती काढणारे) त्यातच गेले म्हणून हिशोब बसला. मागचं रिअर मॉड्यूल (केबल जोडायचा भाग) कार्डाला जुळणारं लागतं, ते कोटेशनमध्ये आहे का बघा. पंख्याचा आवाज आहे. आणि सगळं एकाच फ्रेममध्ये असल्याने दुसरा पॉवर सप्लाय घ्याच, तो वेगळ्या यूपीएसवर लावा.

दोन दिवसांच्या यात्रेचं किंवा लग्नाचं लाइव्ह करत असाल तर डबा पुरे, त्यासाठी फ्रेम वाहून नेण्यात अर्थ नाही. चोवीस तासांचं चॅनेल असेल तर मी कार्डाकडे झुकेन. तरीही डबाच घ्यायचा ठरला, तर आधी डेमो मागा. फॉरमॅट ५० वर ठेवा, पिन उपसा, दहा मिनिटं थांबा, परत लावा, आणि दिव्याकडे न बघता मॉनिटरवर कुठला फॉरमॅट येतो तो वाचा.